लंडनहून सुरतेला : डॉ. रखमाबाईंची ३५ वर्षे

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. ओपीडी संपत आली होती. सोयाबीनच्या निंदणाचे दिवस, त्यामुळे गर्दी कमीच. सासू आणि आई अशा दोघींच्या मधे चालत एक पोरगी आत आली. केसपेपरवर वय १९ लिहिलेले, पण चेहरा दहावीच्या वर्गातला. सातवा महिना. पायांवर सूज. पापणी खाली ओढून पाहिली तर आतून पांढरीफटक. हिमोग्लोबिन सहाच्या आसपास. मी काहीही विचारले की उत्तर सासू द्यायची आणि मुलगी फरशीकडे बघत राहायची.

शेवटी मी बाहेर गेलो. दोन्ही बायांना औषधांच्या खिडकीकडे पाठवले आणि सिस्टरना पडद्याआड मुलीजवळ बसायला सांगितले. दहा मिनिटांत सगळे कळले. वय १९ नव्हतेच. दोन आठवड्यांपासून चालताना दम लागत होता, रात्री उताणे झोपता येत नव्हते. आशाताईंनी दिलेल्या लाल गोळ्या पेटीत तशाच पडून होत्या, कारण त्या खाल्ल्या की पोटातले बाळ फार मोठे होते आणि बाळंतपण अडते, असे तिला कोणीतरी सांगितले होते.

तीस वर्षे सरकारी दवाखान्यात काढल्यावर एवढे समजले आहे की, औषधाच्या आधी ही दहा मिनिटे लागतात. मी पुरुष डॉक्टर. माझ्यापुढे ती मुलगी बोलली नसती. पडद्याआड एक बाई बसली म्हणून बोलली. आज ही सोय आपल्याला साधी वाटते. पण १३० वर्षांपूर्वी ती नव्हती. ती आपल्या भागात आणण्यासाठी एक मराठी बाई समुद्र ओलांडून गेली, पाच वर्षे शिकली, परत आली आणि मग ३५ वर्षे त्याच पडद्याआड बसली. त्या डॉ. रखमाबाई.

आनंदीबाई जोशींचे नाव आपल्या शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते आणि ते योग्यच आहे. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात त्यांनी पदवी घेतली. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली. पण क्षयाने त्यांना गाठले आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची २२ वर्षेही पूर्ण होण्याआधी, त्या पुण्यात वारल्या. पदवीचा उपयोग करायला त्यांना दिवसच मिळाले नाहीत. कलकत्त्यात कादंबिनी गांगुली प्रॅक्टिस करू लागल्या होत्या. आणि आपल्याकडे, परदेशी शिकून परत येऊन ते शिक्षण म्हातारपणापर्यंत रुग्णांसाठी वापरणारी स्त्री पाहायची असेल, तर रखमाबाईंकडे जावे लागते.

पंधराव्या वर्षी आई

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडील जनार्दन पांडुरंग, आई जयंतीबाई. जयंतीबाईंचे लग्न १४व्या वर्षी झाले, १५व्या वर्षी त्यांना मूल झाले आणि १७व्या वर्षी त्या विधवा झाल्या. मूल म्हणजे रखमाबाई. त्यांच्या समाजात पुनर्विवाहाची रीत होती. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केले.

हे सावत्र वडील मोठा माणूस. पेशाने डॉक्टर, वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक आणि १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. घरात पुस्तके होती, औषधी झाडपाल्यावर बोलणे होते, सुधारकांची ये-जा होती. तरीही रखमाबाईंचे लग्न ११व्या वर्षी झाले. नवरा दादाजी भिकाजी, वय १९. शिकल्या-सवरलेल्या घरातही रूढी किती खोल असते, याचा हा दाखला आहे. आजही बालविवाह फक्त अडाणी घरात होतात, असे म्हणणाऱ्याने हे घर आठवावे.

लग्न झाले, पण रखमाबाई माहेरीच राहिल्या. शाळा सुटली होती. घरी बसून त्या वाचत गेल्या, मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून इंग्रजी शिकल्या. आर्य महिला समाजाच्या सभांना जाऊ लागल्या. दादाजी मात्र शिकण्याच्या बाबतीत मागे पडत गेला. तिला सासरी पाठवा, असा त्याचा तगादा सुरू झाला. रखमाबाई नाही म्हणाल्या. सखाराम अर्जुन त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

कोर्टात गेलेले लग्न

१८८४ साली दादाजीने मुंबई हायकोर्टात दावा लावला. बायकोला नांदायला पाठवण्याचा हुकूम द्यावा, एवढीच मागणी होती. पण हा खटला दोन माणसांपुरता राहिला नाही. समज येण्याआधी लावलेले लग्न मुलीवर बंधनकारक आहे का, हा प्रश्न आता कोर्टापुढे होता.

सप्टेंबर १८८५मध्ये न्या. पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. अजाण वयात लग्न लावलेल्या मुलीला, मोठी झाल्यावर तिच्या मनाविरुद्ध नवऱ्याच्या घरी पाठवता येणार नाही, असा त्याचा मथितार्थ होता. देशभर गदारोळ झाला. धर्मात ढवळाढवळ झाली म्हणून एक बाजू संतापली. लोकमान्य टिळकांचे वृत्तपत्रही त्या बाजूला होते. दुसऱ्या बाजूला बेहरामजी मलबारींसारखे सुधारक होते. अपील झाले, खटला फेरसुनावणीला आला आणि मार्च १८८७मध्ये न्या. फॅरन यांनी उलटा हुकूम दिला. महिनाभरात नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा.

रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. वय होते २२.

खटला चालू असताना १८८५ साली टाइम्स ऑफ इंडियात टोपणनावाने त्यांची पत्रे छापून आली. त्यांत त्यांनी बालविवाहाचा हिशोब मांडला होता. लग्नाने मुलीचे शिक्षण थांबते, शरीर तयार नसताना तिच्यावर बाळंतपण येते आणि तिच्या आयुष्याचे सगळे निर्णय दुसरेच घेत राहतात. हा हिशोब त्यांनी पुस्तकातून काढला नव्हता. आई १५व्या वर्षी बाळंत झाली होती, ती त्यांच्या डोळ्यांसमोर होती.

या खटल्याचा शेवट बरेच जण चुकीचा सांगतात. व्हिक्टोरिया राणीने लग्न मोडून टाकले, असे म्हटले जाते. प्रत्यक्षात जुलै १८८८मध्ये तडजोड झाली. दादाजीने २,००० रुपये घेतले आणि हुकूम बजावण्याचा आग्रह सोडला. रखमाबाईंना तुरुंगात जावे लागले नाही. पुढे १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला आणि वयाची मर्यादा १० वरून १२ वर्षे झाली. त्या कायद्यामागच्या चर्चेत या खटल्याचा वाटा मोठा होता. पण त्या मुंबईत थांबून सुधारकांच्या सभा गाजवत बसल्या नाहीत. त्यांनी डॉक्टर व्हायचे ठरवले.

एडिंबराने नाकारलेली बाई

त्यांच्यामागे उभी राहिली ती डॉ. एडिथ पीची ही इंग्रज बाई. मुंबईच्या कामा हॉस्पिटलची प्रमुख. तिची स्वतःची कहाणी ऐकण्यासारखी आहे. १८६९ साली एडिंबरा विद्यापीठात वैद्यक शिकायला ज्या पहिल्या स्त्रिया गेल्या, त्यांत ती होती. रसायनशास्त्रात नव्या विद्यार्थ्यांत ती पहिली आली, पण बाई म्हणून तिची शिष्यवृत्ती दुसऱ्याला दिली गेली. विद्यार्थ्यांनी या मुलींवर चिखल फेकला. शेवटी विद्यापीठाने पदवी नाकारली आणि तिला स्वित्झर्लंडमधल्या बर्नला जाऊन एमडी व्हावे लागले. दार लावून घेणे म्हणजे काय, हे तिला माहीत होते. म्हणून दुसरीसाठी दार ढकलायला ती पुढे आली.

पैसे जमवले गेले. इंदूरच्या होळकरांनी मदत केली, इंग्लंडमध्ये मॅकलॅरन दांपत्याने आधार दिला. १८८९ साली रखमाबाई इंग्लंडला गेल्या आणि लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये दाखल झाल्या. रुग्णांजवळचे शिक्षण रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये, कारण लंडनमधली इतर मोठी रुग्णालये मुलींना वॉर्डात शिकू देत नव्हती. लंडनच्या रॉयल कॉलेजांच्या परीक्षाही तेव्हा स्त्रियांना देता येत नसत. स्कॉटलंडमधल्या कॉलेजांनी मात्र १८८६पासून ती मुभा दिली होती. म्हणून १८९४ साली रखमाबाईंनी एडिंबरा आणि ग्लासगो इथल्या कॉलेजांची संयुक्त परीक्षा दिली आणि त्या नोंदणीकृत डॉक्टर झाल्या. ज्या एडिंबऱ्यात पीचीला पदवी मिळाली नव्हती, तिथूनच तिच्या शिष्येने वैद्यकीचा परवाना आणला.

त्या काळात तिकडे काय शिकवले जात होते, हे डॉक्टर म्हणून मला महत्त्वाचे वाटते. वैद्यकाने तेव्हा नुकतीच कात टाकली होती. व्हिएन्नात सेमेलवाइसने १८४७ साली दाखवले होते की डॉक्टरांनी हात धुतले तर बाळंतिणीचा ताप कमी होतो. त्याचे कोणी ऐकले नाही. पुढे पाश्चरने जंतूंचा सिद्धांत मांडला आणि लिस्टरने १८६७ साली ग्लासगोत कार्बोलिकने जखमा स्वच्छ ठेवून लोक वाचवून दाखवले. रखमाबाई शिकल्या त्या वेळी हे वादाचे राहिले नव्हते, रोजच्या कामाचा भाग झाले होते. हात धुवा, हत्यारे उकळा, नाळ स्वच्छ धाग्याने बांधा, स्वच्छ कात्रीने कापा. क्लोरोफॉर्म होते, टाके होते, चिमटे होते.

आणि काय नव्हते, तेही पाहा. रक्तगटांचा शोध १९००-०१चा. म्हणजे त्या शिकल्या तेव्हा सुरक्षित रक्त चढवणे नव्हतेच. सल्फाची औषधे आली १९३०च्या दशकात, पेनिसिलिन १९४०च्या दशकात. रखमाबाई निवृत्त झाल्या १९२९च्या सुमारास. म्हणजे त्यांची सगळी कारकीर्द एकाही अँटिबायोटिकशिवाय गेली. आज आम्ही ज्या सलाइन-इंजेक्शनांवर विसंबून असतो, त्यातले फारच थोडे त्यांच्या हाती होते. होते ते दोन हात, उकळलेले पाणी आणि रुग्ण वेळेवर यावा अशी आशा. जंतू आत शिरला की मागे उपाय नव्हता. म्हणून तो शिरूच नये, यावर सगळी भिस्त.

परत येणे म्हणजे काय

रखमाबाई भारतात परतल्या. थोडा काळ कामा हॉस्पिटलमध्ये काम करून १८९५ साली त्या सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू झाल्या. आता गंमत बघा. ज्या मुंबईत त्यांचे घर, माणसे, नाव होते, ती सोडून परक्या भाषेच्या गावात त्या गेल्या आणि २२ वर्षे राहिल्या.

डिग्री होती, रुग्णालय होते. रुग्ण मात्र यायला तयार नसत. आपल्याकडे जुन्या माणसांना विचारा, ते सांगतील. बाळंतपण घरातल्या अंधाऱ्या खोलीत, शेजारच्या सुईणीच्या हातून व्हायचे. दवाखाना म्हणजे मरायची जागा. शेवटच्या घटकेला न्यायची, म्हणजे तिथे मरणच दिसायचे, आणि मरण दिसले की पुढची बाई आणखी उशिरा जायची. या फेऱ्यात चांगला डॉक्टरही अडकतो. मी नोकरीला लागलो तेव्हा हा फेरा आमच्याही भागात पूर्ण सुटलेला नव्हता.

रखमाबाईंबद्दल एक आठवण सांगितली जाते. रुग्णालयातल्या खाटेवर पहिली बाळंत होणारी बाई मरते, अशा भीतीने कोणी पाऊल ठेवेना. तेव्हा त्यांनी एक गाभण शेळी रुग्णालयात आणून ठेवली. शेळी व्याली, करडासह धडधाकट राहिली. बायांनी पाहिले आणि मग हळूहळू येऊ लागल्या. ही गोष्ट सांगणारा प्रत्येक जण तिला थोडे मीठमसाला लावतो, पण त्यातले शहाणपण खरे आहे. त्यांनी बायांना भाषण दिले नाही, अडाणी म्हणून हिणवले नाही. त्यांची भीती समजून घेतली आणि त्यांना पटेल अशा रीतीने ती दूर केली.

सुरतेत पोचून दोन वर्षे होत नाहीत तोच प्लेग आला. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिले रुग्ण ओळखले. प्लेगचा जंतू सापडून जेमतेम दोन वर्षे झाली होती. हॉंगकॉंगमध्ये येरसँने तो शोधला ते साल १८९४, म्हणजे रखमाबाईंच्या परीक्षेचेच साल. जानेवारी १८९७मध्ये हाफकिनने मुंबईत तयार केलेली लस आधी स्वतःला टोचून घेतली. तोवर साथ रेल्वेच्या वाटेने सुरतेकडे सरकली होती. ज्याला जमेल तो गाव सोडून पळत होता. जांघेत गाठ, तापाने फणफणलेले अंग आणि चार-पाच दिवसांत मृत्यू, असा तो आजार. वर घर-झडतीची आणि सक्तीने दवाखान्यात नेण्याची धास्ती. पडद्यातल्या बायांची तपासणी परक्या पुरुषांनी करणे हा तर आगीत तेल ओतण्याचा प्रकार होता. अशा वेळी गावात एक बाई डॉक्टर असणे किती मोलाचे होते, याची कल्पना करा. रखमाबाई सुरतेतच राहिल्या. पुढे सरकारने कैसर-ए-हिंद पदक देऊन त्यांच्या कामाची दखल घेतली.

त्याच सुरतेत १९९४ साली पुन्हा प्लेगची बातमी उठली आणि लाखो लोक शहर सोडून निघाले. आमच्या पिढीच्या डॉक्टरांना ते दिवस आठवतात. काही डॉक्टरही तेव्हा गाव सोडून गेले. शंभर वर्षांत औषधे आली होती. टेट्रासायक्लिनची कॅप्सूल वेळेवर मिळाली तर प्लेग बरा होतो. पण भीती तशीच होती. साथीत थांबणारा डॉक्टर कोणत्याही काळात थोडाच सापडतो. कोविडमध्येही आपण तेच पाहिले.

प्लेगमागून १८९९-१९००चा मोठा दुष्काळ आला. गुजरातेत त्याला अजून छप्पनियो म्हणतात. रखमाबाईंची सुरतेतली वर्षे अशी एकामागून एक संकटांची होती.

पांढरे लुगडे आणि नाकारलेली नोकरी

१९०४ साली दादाजी भिकाजी वारला. रखमाबाईंनी विधवेचे पांढरे लुगडे नेसायला सुरुवात केली. ज्या लग्नाला त्यांनी कोर्टात नाकारले, त्याच लग्नाचे वैधव्य अंगावर का घेतले, यावर अभ्यासकांनी बरेच लिहिले आहे. मला त्यावर निवाडा द्यायचा नाही. एवढेच म्हणतो की माणूस आपल्या एका निर्णयाएवढा सरळ नसतो. ज्या बायांमध्ये त्या रोज वावरत होत्या, त्यांच्या जगात विश्वासाने उभे राहायला कदाचित हे लुगडे उपयोगी पडले असेल. दुसरे लग्न त्यांनी केले नाही.

१९१८ साली त्यांना सरकारच्या विमेन्स मेडिकल सर्व्हिसमध्ये येण्याचे बोलावणे आले. देशभरातल्या स्त्री-डॉक्टरांची ती मानाची सेवा. वय ५३. या वयात मोठे पद, मोठे शहर, निवृत्तिवेतन असे कोणालाही हवे असते. मी त्याच वयात आहे, म्हणून हे ठामपणे सांगतो. रखमाबाईंनी ते नाकारले आणि राजकोट संस्थानच्या जनाना रुग्णालयात गेल्या. त्याच वर्षी इन्फ्लुएन्झाच्या साथीने हिंदुस्थानात लाखोंचे बळी घेतले. राजकोटमध्ये त्यांनी रेड क्रॉसची शाखा सुरू केली आणि १९२९च्या सुमारास निवृत्त होईपर्यंत बायांच्या त्याच रुग्णालयात काम केले.

निवृत्तीनंतर मुंबईला आल्या. हात मात्र रिकामे ठेवले नाहीत. १९२९ साली पडद्याची चाल बंद का झाली पाहिजे, यावर त्यांनी पुस्तिका प्रसिद्ध केली. ३५ वर्षे पडद्याआडच्या बाया तपासलेल्या डॉक्टरचे ते लिखाण. २५ सप्टेंबर १९५५ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वय ९०. आईचे १५व्या वर्षी बाळंतपण झाले होते. त्या घरातली ही मुलगी स्वतंत्र भारतही पाहून गेली.

आज, मालेगावात

आता आपल्या गावाकडे वळू. मुलीच्या लग्नाचे कायदेशीर वय आज १८ आहे. तरीही २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न १८ वर्षांच्या आत झालेले आढळले. पाचात एकीहून जास्त. आपल्या भागात याची कारणे सगळ्यांना ठाऊक आहेत. दिवाळीनंतर कामासाठी बाहेर जाणाऱ्या कुटुंबाला तरुण मुलगी घरी एकटी ठेवायची भीती वाटते. गावातली शाळा संपली की पुढच्या शिक्षणाला एसटीने जावे लागते. थोरलीच्या मांडवात धाकटीचे उरकले की खर्च वाचतो. आईबाप दुष्ट नसतात, घाबरलेले असतात.

पण शरीर हे कारण ऐकत नाही. पाळी आली म्हणजे मुलगी आई व्हायला तयार झाली, असे नाही. उंची वाढणे थांबल्यावरही कमरेच्या हाडांचा घेर वाढत असतो. त्या आधी गर्भ राहिला तर बाळाची वाट अरुंद पडते, कळा देऊनही बाळ अडते. वाढत्या वयात मुलीच्या अंगाला स्वतःसाठीच लोह, प्रथिने, चुना हवा असतो, त्यात बाळ वाटेकरी होते. म्हणून रक्त कमी, बाळ कमी वजनाचे, दिवस भरण्याआधीच बाळंतपण. कोवळ्या वयात रक्तदाब वाढून झटके येण्याचा धोकाही जास्त.

आणखी एक अडचण. १८ वर्षांखालील मुलगी गरोदर आढळली तर कायद्याने आम्हाला पोलिसांना कळवावे लागते. कायदा मुलीच्या रक्षणासाठीच आहे. पण त्याच्या भीतीने घरचे लोक वय वाढवून सांगतात, नाहीतर दवाखान्यातच आणत नाहीत, आणि मुलीचा जीव त्यात टांगला जातो. माझे सांगणे एवढेच आहे की, चूक झाली असेल तर ती झाकण्यासाठी पोरीला घरात ठेवू नका. नोंदीचे काय व्हायचे ते होईल, आधी तिला तपासू द्या. आणि लग्न अजून व्हायचे असेल तर १०९८ हा चाइल्डलाइनचा क्रमांक लक्षात ठेवा. तिथे फोनला पैसे पडत नाहीत.

काही गोष्टी कापून भिंतीला लावण्यासारख्या. शाळकरी मुलींना आठवड्याला मिळणारी निळी गोळी आणि गरोदरपणातली लाल गोळी फुकट आहे, ती पेटीत ठेवायची नाही. तिने बाळ अवाजवी मोठे होत नाही, आईचे रक्त भरते. शौचाला काळी होईल, त्याला घाबरू नका. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहाबरोबर नको. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची खास तपासणी असते, ती चुकवू नका. डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, अंगावरून रक्त जाणे, बाळाची हालचाल कमी होणे, बसल्या जागी दम लागणे, यातले काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता १०८ला फोन करा. बाळंतपण, औषधे, तपासण्या आणि गाडी, सगळे सरकारी व्यवस्थेत मोफत आहे.

त्या दिवशीच्या मुलीला आम्ही रक्त चढवायला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. नियमाने जे कळवायचे ते कळवले. घरचे थोडे चिडले, मग शांत झाले. तिला मुलगी झाली, वजन दोन किलोच्या आत. काही दिवस काचेच्या पेटीत राहिली. दोघी वाचल्या. महिन्याभराने लसीकरणाला आली तेव्हा ती माझ्याशी नाही, सिस्टरशीच बोलली. मी लांबून पाहत होतो. बाळाला कसे धरायचे, ते सिस्टर तिला शिकवत होत्या.

आमच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून आज दर वर्षी शेकडो मुली डॉक्टर होऊन बाहेर पडतात. त्यांतल्या काही परदेशीही जातात, आणि जायलाही हवे. जग पाहावे, चांगले ते शिकावे. पण मालेगाव, रिसोड, मानोरा, कारंजा अशा तालुक्यांच्या दवाखान्यांत पडद्याआडची ती खुर्ची अजून बऱ्याचदा रिकामी असते. रखमाबाई लंडनहून निघाल्या आणि सुरतेत अशाच एका खुर्चीवर येऊन बसल्या. आपल्या लेकी-सुनांपैकी कोणी डॉक्टर होत असेल, तर तिला ही गोष्ट जरूर सांगा. आणि ती डॉक्टर व्हावी असे वाटत असेल, तर आधी तिची दहावी, मग बारावी होऊ द्या. मांडव त्यानंतरही घालता येतो.